दोन महाविद्यालये आणि एक गाव

मृग निघाला, की सीमाभागातील खेड्यापाड्यांत दोन प्रकारची धांदल उडते. शिवारात धूळवाफेच्या भातपेरणीची घाई चाललेली असते आणि ज्यांची मुले बारावी ओलांडून पुढे गेली आहेत त्यांच्या ओसरीवर गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, आधारपत्रे आणि छायाचित्रे यांचा पसारा मांडलेला असतो. पेरणीची घाई जाणत्या हातांची असते. कोणत्या वाफ्यात किती बी टाकावे हे बापाला कोणी सांगावे लागत नाही. दुसरी घाई मात्र अंधारातली. मुलाने कोठे शिकावे, या प्रश्नाला उत्तर देणारा अनुभव आमच्या बहुसंख्य घरांत अजून एकाच पिढीचा आहे, पुष्कळांच्या घरी तर तोही नाही.

गेल्या आठवड्यात असाच एक विद्यार्थी आमच्या कचेरीत आला. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका खेड्याचा हा मुलगा बी. ए. च्या पहिल्या वर्षासाठी धारवाडला नातलगांकडे राहिला. वर्ष बऱ्या गुणांनी पुरे केले. एवढ्यात वडिलांचे आजारपण निघाले, नातलगांची बदली झाली आणि धारवाडचे बिऱ्हाड मोडले. आता त्याच्या पिशवीत दोन महाविद्यालयांची माहितीपत्रके आहेत, एक बेळगावचे आणि एक कोल्हापूरचे. दुसऱ्या वर्षाला कोठे नाव घालावे याचा निर्णय त्याला पंधरवड्यात करायचा आहे. इतिहास हा त्याचा आवडीचा विषय. धारवाडच्या महाविद्यालयात मराठी नव्हती, म्हणून भाषा हिंदी घेतली. पुढे एम. ए. करावे, जमल्यास प्राध्यापकी, न जमल्यास स्पर्धा परीक्षा, असा त्याचा साधा सरळ मनसुबा आहे.

इथवर त्याचे म्हणणे कोणत्याही विद्यार्थ्याचे असावे तसेच होते. परंतु उठता उठता त्याने जे विचारले त्यामुळे हा अग्रलेख लिहिणे आम्हांस भाग पडले. तो म्हणाला, "कोल्हापूरला गेलो तर गावातले म्हणतील, लढा टाकून पळाला. बेळगावात राहिलो तर म्हणतील, एक नोव्हेंबरला काळी फीत लावतो आणि पदवी कर्नाटकाची घेतो. मग मी जाऊ तरी कुठे?"

एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडचा हा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. आमच्याच व्याख्यानांतील, आमच्याच स्तंभांतील शब्द त्याच्या मानगुटीवर बसले होते. म्हणून प्रथम त्या शब्दांचा समाचार घेऊ, मग महाविद्यालयांकडे वळू.

बेळगावात पहिले महाविद्यालय निघाले ते १९३३ साली, लिंगराज. राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ चे. त्याआधी बेळगावच्या मुलाला मॅट्रिकनंतर गाव सोडण्यावाचून गत्यंतरच नव्हते. कोणी धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात जाई, कोणी सांगलीच्या विलिंग्डनला, कोणी कोल्हापूरच्या राजारामला, ज्याच्या घरी चार पैसे असत तो पुण्याच्या फर्ग्युसनला. पण एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावी. ही सारी महाविद्यालये त्या काळी एकाच मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती. धारवाडचे पाणी मानवले नाही म्हणून कोणी सांगलीला गेला, तर महाविद्यालय बदले, विद्यापीठ बदलत नसे. परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच, पदवीवरची मुद्राही तीच. आज धारवाडहून कोल्हापूरला निघालेल्या आमच्या मुलाच्या हाती जी कागदांची चळत द्यावी लागते, तिची गरजच तेव्हा नव्हती.

ती गरज निर्माण झाली ती टप्प्याटप्प्याने. १९४९ साली पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ, दोन्ही स्थापन झाली आणि बेळगाव कर्नाटक विद्यापीठाच्या पदरी पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हाच म्हैसूर राज्यात ढकलला गेला, मात्र त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात ठेवला. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ आले तेव्हा चंदगडचा मुलगा त्याच्या कक्षेत होता आणि चंदगडपासून चाळीसएक किलोमीटरवरचा बेळगावचा मुलगा नव्हता. पुढे २०१० साली बेळगावास स्वतंत्र राणी चन्नम्मा विद्यापीठ मिळाले. म्हणजे एकाच जिल्ह्यातील, एकाच बाजाराला येणाऱ्या, एकमेकांच्या पोरी करणाऱ्या दोन गावांतील मुले आता दोन विद्यापीठांची झाली. बेळगावहून चंदगडच्या महाविद्यालयात जाणारा मुलगा परराज्यात गेला असे सरकारी कागद म्हणतो. त्याच्या आजोबांच्या लेखी तो शेजारच्या तालुक्यात गेला.

निपाणीची गोष्ट तर याहून नवलाची. निपाणी शहर कर्नाटकात, आणि त्याला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तेथील देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीचा विद्यार्थी सकाळी वही घेऊन घराबाहेर पडतो, थोडेसे चालतो आणि परराज्यात शिकून दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. त्याला कोणी कधी पळपुटा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग जो निकष निपाणीच्या मुलाला लागत नाही तो पश्चिम भागातील मुलाला कोणत्या न्यायाने लावायचा?

आणि विद्येच्या क्षेत्रात ही ये-जा कधी एकाच दिशेची नव्हती. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात त्यांनी कन्नड शिकवले. विनायक कृष्ण गोकाक हे काही काळ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. (होय, तेच गोकाक, ज्यांच्या समितीने १९८१ साली माध्यमिक शाळांत कन्नडला पहिले स्थान देण्याचा अहवाल दिला. कन्नडसक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनात आमची जी माणसे गोळीबारात पडली त्यांचे स्मारक हिंडलग्यास उभे आहे. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, आणि तो विषय घेऊन पदवी करू इच्छिणाऱ्या मुलाने हे आरंभीच ओळखून असावे.) इकडे पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९०१ पासून वसतिगृहांची जी मालिका उभी राहिली तीत मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे वसतिगृह होते, तसे लिंगायतांचेही होते. बेंद्र्यांचे कन्नडपण सोलापुरात बाटले नाही. आमची स्वतःची पदवीही धारवाडच्याच विद्यापीठाची आहे. त्या वेळी बेळगावच्या मुलाला दुसरी मिळत नव्हती. त्या पदवीने आमचे मराठीपण रतिभर उणे झाले असते, तर हे दैनिक आम्ही चालविते ना.

तेव्हा पळपुटेपणाचा मुद्दा येथेच संपला. आता त्या मुलाच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. ती देशभक्तीची नाही, श्रेयांकांची आहे.

कर्नाटकाने २०२१ साली नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा चार वर्षांचा पदवीक्रम मोठ्या गाजावाजाने प्रथम स्वीकारला, आणि २०२४-२५ पासून तो टाकून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे मोर्चा वळविला. हा निर्णय ज्या राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालावरून झाला त्याचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हे महाराष्ट्राचे, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. महाराष्ट्राने नेमके याच २०२४-२५ या वर्षी उलट पाऊल टाकले आणि संलग्न महाविद्यालयांतून राष्ट्रीय धोरणाचा क्रम सर्वत्र लागू केला. तेथे पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांक, तीन वर्षांअखेर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी, आणि चौथे वर्ष करील त्यास १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स. शिवाय एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, बाहेरच्या शाखेचा खुला विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, अशी निराळी खातेवही. एका राज्याने गाडी मागे घेतली, दुसऱ्याने पुढे काढली आणि आमचा मुलगा रुळांच्या मध्ये उभा आहे.

याचा व्यवहारातील अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. धारवाडहून बेळगावला येणाऱ्यासही विद्यापीठ बदलावे लागते, परंतु दोन्ही विद्यापीठे एकाच राज्य धोरणाखाली चालत असल्यामुळे विषयांची जुळणी फारशी अडत नाही. कोल्हापूरला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला, ज्यास सारेजण मायग्रेशनच म्हणतात, हे दोन्हींकडे लागतात. ते तर हवेतच. खेरीज शिवाजी विद्यापीठाने त्याच्या पहिल्या वर्षाची समकक्षता तपासून पात्रता ठरवावी लागते. तेथे मग प्रश्न निघतो, की इतिहास मुख्य विषय म्हणून पुढे चालविण्याइतके इतिहासाचे श्रेयांक पहिल्या वर्षी झाले आहेत काय? जे विषय कोल्हापूरच्या पहिल्या वर्षाला आहेत आणि धारवाडच्या नाहीत, ते मागाहून भरून काढावे लागतील काय? श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी २०२१ साली उघडली, विद्यार्थ्याच्या खात्यावर श्रेयांक जमा होतात, हे खरे. पण पेढीत पैसे आहेत म्हणून प्रत्येक दुकानदार ती नोट घेतोच असे नाही. घ्यायचे की नाही, आणि किती, हे ज्या विद्यापीठात जायचे तेच ठरविते.

येथे आमच्या मुलांची एक सवय घात करते. ती तोंडी आश्वासनावर विसंबतात. प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून "होऊन जाईल" म्हणतो, मुलगा फी भरतो, आणि दिवाळीच्या सुमारास पात्रता विभागाकडून त्रुटीचे पत्र येते. तोवर मूळ ठिकाणची जागाही गेलेली असते. असा एक विद्यार्थी आमच्या माहितीत आहे. त्याचे एक वर्ष पुरते वाया गेले. कारकुनाने त्यास बुडविण्याच्या हेतूने सांगितले नव्हते, तो स्वभावाने सज्जनच होता. परंतु सज्जन माणसाचा शब्द म्हणजे विद्यापीठाचा शिक्का नव्हे. म्हणून फी भरण्याआधी आपली गुणपत्रिका आणि पहिल्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम जोडून लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. अभ्यासक्रमाची प्रत जुन्या महाविद्यालयातून निघतानाच घेऊन ठेवावी. नंतर तिच्यासाठी धारवाडची खेप पडते.

आता खर्च. बेळगावात हा मुलगा घरचे खाऊन शिकेल, सकाळच्या बसने जाईल, दुपारी परतून गोठ्याचे काम उरकील. आजारी बाप असलेल्या घरात त्या दोन हातांची किंमत कोणत्याही शिष्यवृत्तीत मोजता येत नाही. कोल्हापूर बेळगावपासून सुमारे एकशेदहा किलोमीटर, तेव्हा तेथे खोली अथवा वसतिगृह आणि खानावळ आलीच. सणावाराला, बापाच्या दुखण्याला धावत यायचे तर बस. आणि ती बस चालू असेलच याची हमी आम्ही देऊ शकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात एका वाहकाला मारहाण झाल्याच्या प्रकरणावरून दोन्ही राज्यांमधील बसफेऱ्या थांबल्या. पुढारी निवेदने काढतात, वाहिन्यांवर चर्चा झडतात आणि परीक्षेला निघालेले पोर स्थानकाच्या बाकावर बसून राहते. सीमेची झळ नकाशाला लागत नाही, ती अशी लागते.

पुढील नोकरीचा विचारही याच वेळी व्हावा. अनेकांची अशी समजूत दिसते, की महाराष्ट्रात सरकारी नोकरी हवी तर पदवीही महाराष्ट्राचीच हवी. हे चूक आहे. कायद्याने स्थापन झालेल्या कोणत्याही विद्यापीठाची पदवी देशभर पदवीच असते. महाराष्ट्राच्या नोकरभरतीत सीमाभागातील उमेदवारास जो दरवाजा उघडा आहे तो पदवीमुळे नव्हे, ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे त्यांपैकी एका गावी त्याचे १५ वर्षांचे वास्तव्य आहे आणि तो मराठी भाषिक आहे, यामुळे. म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठाचा पदवीधर असला तरी हा दरवाजा त्यास उघडाच. उलट कर्नाटकातील नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते, आणि धारवाडच्या एका वर्षाने या मुलाचे कन्नड चांगले सुधारले आहे, असे त्याच्या बोलण्यावरून आम्हांस दिसले. ते त्याने विसरू नये. शेजाऱ्याची भाषा येणे हे धन आहे. तिची सक्ती ही निराळी बाब आहे, आणि पदवीच्या वर्गांतील कन्नडसक्ती २०२२ साली कर्नाटकाच्याच उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखली, हे येथल्या अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एका गोष्टीची वाच्यता आमच्या सभांतून होत नाही, ती येथे करतो. जातीचा दाखला सीमा ओलांडत नाही. अनुसूचित जातीजमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ठरविले, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यास तेथील आरक्षण आपोआप मिळत नाही. कर्नाटकात मराठा समाज ३-ब या प्रवर्गात मोडतो. त्या प्रवर्गाचा कागद कोल्हापुरात दाखवून उपयोग नाही. ज्या घराचे शिक्षण फी-सवलतीवर उभे आहे त्या घराने हा हिशेब आधी करावा. महाराष्ट्र आपलाच आहे, या भावनेच्या भरात मुलगा जातो आणि तेथे खुल्या गटाची फी भरतो, असे होऊ नये.

हे सारे पाहून आम्ही त्या मुलाला स्पष्ट सांगितले, की तू बेळगावास नाव घाल. इतिहास शिकविणारे अध्यापक कोण आहेत ते आधी पाहा, दोन दिवस मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐक, ग्रंथालयात बखरी आणि गॅझेटिअरे कपाटबंद आहेत की हाताळली जातात ते बघ, आणि ठीक वाटले तर बी. ए. येथेच पुरी कर. दोन वर्षांनी तीन वर्षांची पदवी हाती येईल. ती घेऊन एम. ए. साठी शिवाजी विद्यापीठात जा. त्या वेळी श्रेयांकांची जुळवाजुळव नाही, मधल्या वर्षाची त्रेधा नाही. मुळातून नवा प्रवेश, आणि दोन वर्षे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून काम करण्याची मोकळीक. ज्या वळणावर कमी धक्का बसतो त्या वळणावर गाडी वळवावी.

आमचे काही स्नेही यावर चिडतील, हे आम्ही जाणून आहोत. विलीनीकरणाच्या चळवळीचे दैनिक मुलांना कर्नाटकाच्या विद्यापीठात राहा म्हणून सांगते, ही कोणती नीती, असा प्रश्न ते करतील. त्यांना आमचे उत्तर असे, की बेळगाव महाराष्ट्रात यावे असे आम्ही म्हणतो ते बेळगावात मराठी माणूस आहे म्हणून. शिकलेला प्रत्येक मुलगा बाहेर गेला, तर मागे उरेल ते काय? महाविद्यालयातील मराठीचा विभाग वर्गातील डोकी मोजून चालतो. पाच-सात मुले उरली, की प्रथम एक अध्यापकपद जाते, मग तासिकेवरचा शिक्षक येतो, मग विषय माहितीपत्रकातून नाहीसा होतो. त्याला सरकारी हुकूम लागत नाही. आम्ही स्वतःच्या हाताने रिकामे केलेले बाक त्यास पुरेसे असतात. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून पडून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर पदव्या घेणाऱ्या वीस-बावीस तुकड्या येथून बाहेर पडल्या आहेत. त्या कोणत्या वर्गात बसल्या, याचा विचार चळवळीने केला काय?

आणि बोलायचेच तर पुरते बोलू. व्यासपीठावरून मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या आमच्या कित्येक पुढाऱ्यांची मुले बेळगावातल्याच इंग्रजी शाळांतून शिकून बंगळूर-पुण्यास गेली आहेत. त्यांना कोणी पळपुटे म्हणत नाही, कारण ती मोटारीतून गेली. खेड्यातल्या पोराने एस.टी.चे तिकीट काढले, की मात्र त्याच्या निष्ठेचा पंचनामा सुरू होतो. मराठी भाषा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरली तेव्हा येथे पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. त्यानंतर आपल्या गावच्या महाविद्यालयात मराठी विषयाला किती विद्यार्थी आहेत हे विचारायला कितीजण गेले?

मात्र आमचा हा सल्ला सरसकट समजू नये. त्याच दिवशी दुपारी खानापूर तालुक्यातील एक पालक आपल्या कन्येस घेऊन आले होते. ती बारावी विज्ञानाची, अभियांत्रिकीला जाऊ पाहणारी. तिला आम्ही नेमके उलटे सांगितले. महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेनंतरच्या प्रक्रियेत विवादित सीमाभागातील मराठी भाषिक उमेदवारांचा स्वतंत्र वर्ग आहे. तो आमच्या दोन पिढ्यांनी भांडून मिळविलेला आहे आणि त्याचा लाभ न घेणे हा शुद्ध करंटेपणा होय. ज्यांना हवा तो विषय येथे मिळत नाही, ज्यांचा अभ्यासक्रम आरंभापासूनच तेथे सुरू होणार आहे, त्यांनी खुशाल जावे, आणि मान वर करून जावे. पालकांनी विचारले, मुलीला एवढ्या लांब ठेवायचे का? आम्ही म्हटले, लग्न करून याहून लांब धाडाल तेव्हा अंतर विचाराल काय? ते हसले. मुलगी हसली नाही, तिने दाखल्यांची यादी लिहून घेतली. ती जाईल असा आमचा अंदाज आहे.

शिवाजी विद्यापीठास आणि महाराष्ट्र शासनास आमची एक मागणी आहे, आणि ती खर्चाची नाही. सीमाभागातून मध्येच येणाऱ्या विद्यार्थ्याच्या समकक्षतेचा निर्णय प्रवेशाच्या अंतिम दिनांकापूर्वी, ठराविक दिवसांत, लेखी मिळावा. कर्नाटकातील आमच्या भागास जवळची विद्यापीठे दोनच, धारवाडचे आणि बेळगावचे. त्यांच्या तीन वर्षांच्या क्रमाचा आणि आपल्या क्रमाचा मेळ घालणारा तक्ता एकदाच तयार करून प्रसिद्ध केला, तर दरसाल प्रत्येक मुलाची गुणपत्रिका नव्याने घोळवीत बसावे लागणार नाही. दर मंत्र्याने सीमाबांधवांच्या पाठीशी उभे असल्याचे सांगण्यापेक्षा हा एक तक्ता आम्हांस अधिक उपयोगी पडेल. बेळगावच्या मराठी संस्थाचालकांनीही बाहेरून दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलासाठी एक जाणता माणूस जून-जुलैत खिडकीजवळ बसवावा. ज्याला पहिल्या वर्षी मराठी मिळाली नाही आणि दुसऱ्या वर्षी घ्यावीशी वाटते, त्यास नियम आडवा येत असेल तर निदान मराठीच्या तासाला बसू द्यावे. ऐकायला श्रेयांक लागत नाहीत.

तो विद्यार्थी निघताना आम्ही त्यास आमच्या कचेरीतील ८६५ गावांची यादी उघडून दाखविली. त्याचे गाव तीत आहे. पण यादीतील नावाचे लेखन एक, त्याच्या शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, आणि शिधापत्रिकेवरचे कन्नड वळणाचे तिसरे. २०१४ सालच्या नामांतरानंतर जिल्ह्याचे नावही नव्या कागदांवर निराळे आहे. पुढे एम. ए. ला अथवा नोकरीस अर्ज करताना वास्तव्याचा दाखला याच एका अक्षरावर अडू शकतो. ही तिन्ही नावे एकाच गावाची आहेत, असे आताच लेखी करून घ्यावे म्हणून त्याला तलाठ्याकडे पाठविले आहे. सोमवारी तो पुन्हा येणार आहे. ज्यांना आपल्या गावाचे नाव यादीत कसे आहे ते पाहायचे असेल त्यांनीही सकाळी दहानंतर कचेरीत यावे, यादी टेबलावरच ठेवलेली आहे.